25 पैसे ते 15 रुपये

बँकांच्या तिमाही निकालांच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : तरतुदी वाढल्यामुळे नफा घटला. बुडीत कर्जांसाठी केलेली ही तरतूद कोण करतं, कुठल्या टेबलावर करतं, हे बघायचं म्हणून इचलकरंजीतल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत जाऊन बसलो. यंत्रमागांचं गाव. इथे कर्ज उचललंही भरपूर जातं आणि सुताचे भाव फिरले की थकतंही.

वाटलं होतं, पैसे खरोखरच कुठेतरी बाजूला काढून ठेवत असतील. तसं काही होत नाही. नफ्यातून एक रक्कम वजा होते आणि ती रक्कम नफा म्हणून वाटता येत नाही, एवढंच. ती नोंदही मुख्य कार्यालयात होते. शाखेने फक्त तारणाची किंमत नीट भरलेली असावी लागते.

कर्जविभागाच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत आकडा सांगितला. ‘‘लहान उद्योगाचं खातं चांगलं चाललेलं असेल ना, तर शंभर रुपयांमागे 25 पैसे. ते थकलं की 15 रुपये.’’

मधे काहीच नाही?

‘‘काहीच नाही.’’

हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक. 31 मार्चचा हप्ता राहिला, तर 29 जूनच्या रात्री दिवसअखेरीच्या प्रक्रियेत संगणक ते खातं स्वतःच तिकडे ढकलतो. पूर्वी हे काम माणसं करत. मार्चअखेर जवळ आली की कुठलं खातं कसं सांभाळून घ्यायचं, यावर खलबतं चालत. एक कर्ज देऊन दुसरं फेडून घ्यायचं ‘नवं-जुनं’ सर्रास चाले. रिझर्व्ह बँकेने 2020 साली वर्गीकरण संगणकावर सोपवायला सांगितलं, ते या खलबतांना कंटाळूनच असावं, असा माझा संशय.

मॅडमच्या समोर एका यंत्रमागधारकाचं खातं उघडं होतं. खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा. बाकी 20 लाख. आजच्या घडीला त्यावर बँकेची तरतूद 5,000 रुपये. उद्या नव्वदी ओलांडली की 3 लाख.

‘‘त्याचे निम्मे माग दिवाळीपासून बंद आहेत,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘मी स्वतः जाऊन बघून आले. पण कागदावर तो अजून 25 पैशांतच.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ज्या बाईला महिनोन्‌महिने आधी कळलं होतं, तिच्या कळण्याला हिशेबात घरच नाही.

पुढची उतरंड त्यांनी कागदाच्या कपट्यावर मांडून दाखवली. वर्षभर अनुत्पादक राहिलं की खातं ‘संशयित’. समजा, तारण आता 12 लाखांचंच उरलंय. मग उघड्या पडलेल्या 8 लाखांवर शंभर टक्के तरतूद आणि तारणाच्या 12 लाखांवर 25 टक्के, म्हणजे 3 लाख. एकूण 11. पुढची दोन वर्षं तारणावर 40 टक्के, त्यानंतर सगळंच्या सगळं. आणि त्या 12 लाखांचं काय? मूल्यांकन करणारा चालू कारखान्याचा दर लावतो. लिलावात मात्र जुने माग भंगाराच्या भावाने, किलोवर जातात. तरतुदीचा सगळा डोलारा असा एका सहीवर उभा असतो, हे निकालाच्या बातमीत कधी येत नाही.

मॅडमनी फोन लावला. ‘‘काका, सगळं नको. सर्वांत जुना एक हप्ता भरा, तेवढ्यावर आज भागेल. एकदा नव्वदी गेली की मग सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं वर येत नाही.’’

पलीकडून, ‘‘मॅडम, मजुरीच आलेली नाही, कुठून भरू?’’

आता देशाचा आकडा बघा. मार्च 2018 मध्ये व्यापारी बँकांच्या दर शंभर रुपये कर्जात 11 रुपयांहून अधिक अनुत्पादक होते. मार्च 2025 मध्ये ते 2 रुपये 30 पैशांच्या आसपास आले. वसुली झाली, हे खरंच. पण पूर्ण तरतूद झालेली कर्जं निर्लेखित करून ताळेबंदातून काढली, त्याचाही यात मोठा वाटा आहे. कर्जदारावरचा बोजा तसाच राहतो, बँकेचा चेहरा तेवढा उजळतो. 2018 चा तो आकडासुद्धा 2015 साली रघुराम राजन यांच्या काळात रिझर्व्ह बँकेने बँकांच्या वह्या उघडायला लावल्या म्हणून दिसला. कर्जं त्याआधीच सडलेली होती.

आता रिझर्व्ह बँकेला पद्धतच बदलायची आहे. खातं बुडण्याची वाट न बघता, किती बुडेल याचा अंदाज बांधून आधीच तरतूद करायची. 2023 मध्ये चर्चापत्र आलं, पुढे मसुदाही. हप्ता 30 दिवस थकला की धोका वाढला असं सर्वसाधारणपणे धरायचं. मला हे शहाणपणाचं वाटलं आणि मी तसं बोललोही.

मॅडमना पटलं नाही. ‘‘30 दिवस? इथे व्यापाऱ्याकडून मजुरी यायलाच तेवढे लागतात. चांगली खातीसुद्धा त्यात येतील. बँक म्हणेल, या गावाला कर्जच नको. कुणाचे माग बंद आहेत ते मला माहीत आहे, पण त्यांच्या सूत्रात मी नसणार.’’