संन्यासी, नास्तिक आणि नीती

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस साधून १७ सप्टेंबर १९९४ला ते स्थापन झालं. व्यंकटेश खेडगीकर १९३२ साली संन्यास घेऊन रामानंद तीर्थ झाले आणि भगव्या वस्त्रांतच त्यांनी हैदराबाद स्टेट काँग्रेसचं नेतृत्व केलं, निजामाचे तुरुंग भोगले.

याच नांदेडात पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर मराठी शिकवत, पुढे तिथेच प्राचार्य झाले. ते उघडपणे नास्तिक होते. तरी हैदराबादच्या मुक्तिलढ्यावर त्यांनी मनापासून लिहिलं. एकाचा आधार ईश्वर, दुसऱ्याला तो मान्यच नाही. पण माणसाला गुलाम करणारी सत्ता वाईट, यावर दोघांचंही एकमत. देव मानल्याशिवाय माणूस नीतीनं वागेल का, असं कुणी विचारलं की मला ही जोडी आठवते.

कुरुंदकरांची मनुस्मृतीवरची व्याख्यानं प्रसिद्ध आहेत. त्या स्मृतीचा आठवा अध्याय उघडून बघावा. ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला शंभर पण (नाणी) दंड, वैश्याला दीडशे किंवा दोनशे, आणि शूद्राला मात्र शारीरिक शिक्षा. शिवी तीच, शिक्षा जातीप्रमाणे. आज देवभक्त वाचकालाही हे अन्यायाचं वाटतं. म्हणजे धर्मग्रंथ तपासण्याची फूटपट्टी त्याच्याजवळ आधीपासून आहे, ती त्या ग्रंथानं दिलेली नाही. ग्रीसमध्ये सॉक्रेटिसानं युथिफ्रोला हेच विचारलं होतं: देवांना आवडतं म्हणून कृत्य पवित्र ठरतं, की ते पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं उत्तर दिलं, तर देवाची लहर हीच नीती होते. दुसरं दिलं, तर नीती देवाच्या आधीची ठरते. प्लेटोनं तो संवाद लिहून ठेवला, आणि अजून कुणाला त्यातून सोपी वाट सापडलेली नाही.

श्रद्धेचं काहीच मोल नाही असं मात्र मी म्हणणार नाही. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाराच्या लंगरमध्ये जात न विचारता सगळ्यांना एका पंगतीत जेवू घालतात. पंढरीची वाट चालणारा अनोळखी वारकऱ्याच्याही पाया पडतो. ही माणसं भक्तीतूनच चांगुलपणाकडे येतात. पण ‘देव बघतोय’ ही भीती एकटी फार पुरत नाही. वर्षभर मापात मारणारा दुकानदार चतुर्थीला कडक उपास करतो, आणि नवस फेडला की हिशेब मिटला असं समजतो. गिऱ्हाइकाचं मात्र काहीच परत येत नाही.

हा प्रश्न मराठीजनांत सर्वांत खोलवर डॉ. आंबेडकरांनी हाताळला, असं माझं मत आहे. त्यांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात (१९५७) धर्मांमध्ये जी जागा ईश्वराची, ती धम्मात नीतीला दिली आहे. आणि ही नीती माणसाला माणसाच्या मैत्रीची गरज असते म्हणून उगवते, वरून कुणी आज्ञा दिली म्हणून नव्हे, असं ते मांडतात. या विचारावर मराठवाड्यातल्या असंख्य दलित कुटुंबांनी, कुठल्याही देवाला साक्षी न ठेवता, बावीस प्रतिज्ञा घेऊन घरात पंचशील आणलं.