इंग्रजी पदबंधांचे प्रकार : रचना आणि कार्य

इंग्रजी व्याकरणातील ‘फ्रेज’ या संज्ञेस मराठीत वाक्यांश, शब्दसमूह, पदबंध असे निरनिराळे प्रतिशब्द योजिले जातात. प्रस्तुत लेखात पदबंध हा शब्द स्वीकारला आहे. परंतु या विषयातील खरा घोटाळा प्रतिशब्दांचा नसून वर्गीकरणाच्या तत्त्वाचा आहे. एकच नाव दोन पद्धतींत दोन भिन्न गोष्टींना दिले जात असल्यामुळे विद्यार्थी गोंधळतो, आणि त्याचे कारण मात्र त्याच्या बुद्धिमांद्यात शोधले जाते.

शालेय परंपरेतील वर्गीकरण कार्यावर आधारलेले आहे. १९३५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकामुळे ते भारतात घरोघरी पोहोचले. जो शब्दसमूह नामाचे कार्य करतो तो नाम-पदबंध, विशेषणाचे कार्य करतो तो विशेषण-पदबंध, आणि क्रियाविशेषणाचे कार्य करतो तो क्रियाविशेषण-पदबंध, असे हे तीन प्रकार होत. या पद्धतीप्रमाणे ‘टु स्विम इन द रिव्हर इज डेंजरस’ या वाक्यातील पहिले पाच शब्द कर्त्याच्या जागी असल्यामुळे नाम-पदबंध ठरतात.

दुसरी पद्धत रचनेकडे पाहते. ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात, ज्या रचनेत एखादे पद संपूर्ण समूहाची जागा घेऊ शकते अशी रचना आणि ज्या रचनेत तसे घडत नाही अशी रचना, असा भेद केला. चॉम्स्की यांच्या १९५७ च्या ग्रंथापासून पदबंधांच्या रचनेचे नियम हा वाक्यविचाराचा एक मुख्य विषय झाला. पुढे १९८५ मध्ये क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या बृहद् व्याकरणात पाच प्रकार मानलेले आहेत : नाम-पदबंध, क्रियापद-पदबंध, विशेषण-पदबंध, क्रियाविशेषण-पदबंध आणि शब्दयोगी पदबंध. येथे प्रश्न पदबंध काय करतो हा नसून तो कोणत्या पदाभोवती उभा आहे हा आहे. ‘दि ओल्ड टीचर ऑफ अवर स्कूल’ हा नाम-पदबंध होय, कारण ‘टीचर’ हे त्याचे केंद्रपद आहे. ‘हॅज बीन रायटिंग’ हा क्रियापद-पदबंध, ‘व्हेरी फाँड ऑफ म्यूझिक’ हा विशेषण-पदबंध, ‘क्वाइट स्लोली’ हा क्रियाविशेषण-पदबंध, आणि ‘इन द रिव्हर’ हा शब्दयोगी पदबंध होय. ‘टु स्विम इन द रिव्हर’ ही रचना मात्र या पद्धतीत पदबंध नसून अकालवाचक क्रियारूप असलेले उपवाक्य मानली जाते.

केंद्रपदाची कल्पना केवळ शास्त्रीय सोयीची नाही. ‘द बॉक्स ऑफ बुक्स इज हेवी’ या वाक्यात क्रियापद एकवचनी आहे, कारण केंद्रपद ‘बॉक्स’ आहे, जवळचे ‘बुक्स’ नव्हे. विद्यार्थी येथे ‘आर’ लिहितो तो बहुधा जवळच्या नामाकडे पाहून. पदबंधाची सीमा ओळखण्याची सोपी कसोटी सर्वनामाची आहे. ‘दि ओल्ड टीचर ऑफ अवर स्कूल रिटायर्ड’ याऐवजी ‘ही रिटायर्ड’ असे म्हणता येते, म्हणजे ‘ही’ हे सर्वनाम एकट्या ‘टीचर’ या पदाची नव्हे, तर संपूर्ण पदबंधाची जागा घेते.

दोन्ही पद्धतींचा संबंध सर्वांत स्पष्ट होतो तो शब्दयोगी पदबंधात. ‘द फ्लॉवर्स इन द गार्डन आर रेड’ आणि ‘द चिल्ड्रेन प्लेड इन द गार्डन’ या दोन वाक्यांत ‘इन द गार्डन’ ही रचना अक्षरशः एकच आहे. पहिल्यात ती नामाचे विशेषण आहे, दुसऱ्यात क्रियेचे स्थळ सांगते. रचना एक, कार्ये दोन. मराठीत मात्र हा भेद शब्दाच्या रूपातच उमटतो : ‘बागेतील फुले तांबडी आहेत’, परंतु ‘मुले बागेत खेळली’. इंग्रजीने जे संदर्भावर सोपविले ते मराठी येथे प्रत्ययाने सांगते. मराठी भाषकास इंग्रजी पदबंधाचे कार्य ओळखण्याचे हे साधन मातृभाषेतच उपलब्ध आहे. वर्गात त्याचा उपयोग अवश्य करून घ्यावयास हवा.

या भेदाचे महत्त्व परीक्षेपुरते मर्यादित नाही. ‘दि ऑफिसर शॅल एग्झॅमिन दि अकाउंट्स इन दि ऑफिस’ असा एखादा नियम असल्यास त्याचे दोन अर्थ संभवतात. ‘अधिकाऱ्याने कार्यालयातील हिशेब तपासावेत’ हा एक. या अर्थी अन्यत्र ठेवलेले हिशेब या नियमाच्या कक्षेबाहेर राहतात. ‘अधिकाऱ्याने हिशेब कार्यालयात तपासावेत’ हा दुसरा. या अर्थी बंधन हिशेबांवर नसून तपासणीच्या जागेवर आहे. सर्वनामाची कसोटी लावताच दोन रचना वेगळ्या होतात : पहिल्या अर्थी ‘एग्झॅमिन देम’ एवढेच उरते, दुसऱ्या अर्थी ‘एग्झॅमिन देम इन दि ऑफिस’. म्हणजे पहिल्यात शब्दयोगी पदबंध नाम-पदबंधाच्या पोटात आहे, दुसऱ्यात तो बाहेर आहे. इंग्रजी मसुदा दोन्ही अर्थ झाकून ठेवू शकतो. मराठी अनुवादकास ‘कार्यालयातील’ की ‘कार्यालयात’ याचा निर्णय करावाच लागतो. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने महाराष्ट्राच्या राज्यकारभारात मराठीस स्थान दिल्यानंतर अशा निर्णयांचे उत्तरदायित्व अनेकांवर आले आहे. पदबंधाची सीमा न ओळखता केलेला अनुवाद येथे केवळ भाषेचा नव्हे, तर अर्थाचा दोष ठरतो.

तात्पर्य, शालेय वर्गीकरण चुकीचे आहे आणि नवे तेवढे बरोबर, असा निष्कर्ष काढणे अनुचित होईल. एक पद्धत पदबंधाचे काम सांगते, दुसरी त्याची घडण. दोहोंची नावे एकमेकांत मिसळली की ज्ञानाचा गोंधळ होतो. अध्यापकाने प्रत्येक पदबंधाविषयी विद्यार्थ्यास दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत : याचे केंद्रपद कोणते, आणि वाक्यात याचे काम कोणते? ‘इन द गार्डन’ याविषयी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही वाक्यांत एकच राहते आणि दुसऱ्याचे बदलते, हे ज्या विद्यार्थ्यास स्वतः दिसून आले, त्यास प्रकारांची यादी मुखोद्गत करण्याची फारशी आवश्यकता उरत नाही.