तारीखवार गाणी (भाग १४) : बावन्नाची छप्पन्न

१ एप्रिलचे दोन परदेशी कलावंत या आठवड्यात भेटतील, असं मी कबूल केलं होतं. एक न्यूयॉर्कमध्ये १ एप्रिल १९१७ ला गेलेला रॅगटाइमचा राजा स्कॉट जॉप्लिन आणि दुसरा १ एप्रिल १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये वडिलांच्याच गोळीला बळी पडलेला मार्विन गे. दुसऱ्या दिवशी त्याला पंचेचाळीस पूर्ण झाली असती. पण दोघांनाही एक आठवडा थांबावं लागणार आहे. कारण बोईसरहून एक पत्र आलं आहे आणि त्या पत्रातल्या प्रश्नाने मला पंचांग, जुनी कॅलेंडरं आणि कागद-पेन्सिल घेऊन बसवलं.

हे वाचक तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतात. त्यांचं आयुष्य आठवड्यावर चालतं. पाळी आठवड्याने बदलते, सुट्टी आठवड्याने येते. त्यांनी लिहिलं आहे : 'तुम्ही मागच्या भागात म्हणालात की गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, दर शुक्रवारी एक गाणं, वर्षभर. वर्षाचे आठवडे बावन्न. मग गाणी छप्पन्न कशी? चार गाणी कुठून आली?'

आकाशवाणीचे अधिकारी सीताकांत लाड यांनी कवी गदिमांना खोलीत बसवलं आणि हरवलेलं पहिलं गाणं पुन्हा लिहून घेतलं, तिथे आपण मागच्या वेळी थांबलो होतो. त्या प्रसंगाइतकाच हा प्रश्नही मला मोलाचा वाटतो. छप्पन्न हा आकडा आपण सगळे सहज उच्चारतो, जणू कवीला तेवढीच गाणी सुचली. पण तो आकडा ठरला चंद्रामुळे.

थोडक्यात मिळणारं उत्तर बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं : त्या वर्षी अधिक महिना होता. उत्तर बरोबरच आहे. पण ते गाण्यांच्या संख्येपर्यंत नेमकं कसं पोचतं, हे करून बघण्यात खरी गंमत आहे. चला, शुक्रवार मोजू.

१ एप्रिल १९५५ ला शुक्रवार होता आणि रामनवमीही होती. सकाळी पावणेनऊला पहिलं गाणं लागलं. योजना एका वर्षाची, पण ते वर्ष रामनवमी ते रामनवमी असं धरलेलं. आता १९५५ साली अधिक महिना आलाच नसता असं समजा. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस होतात साधारण ३५४. म्हणजे पुढची रामनवमी आली असती २० मार्च १९५६ च्या सुमारास, मंगळवारी. १ एप्रिल १९५५ पासून १६ मार्च १९५६ पर्यंत शुक्रवार येतात एक्कावन्न. त्यांची एक्कावन्न गाणी आणि रामनवमीच्या दिवशी समाप्तीचं एक. झाली बावन्न.

पण १९५५ साली भाद्रपद अधिक होता, १८ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर. त्यामुळे पुढची रामनवमी महिनाभर लांबली आणि १९ एप्रिल १९५६ ला आली, गुरुवारी. आता पुन्हा मोजा. १ एप्रिल १९५५ पासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत बरोबर ३७८ दिवसांचं अंतर आहे, कारण १९५६ च्या फेब्रुवारीत एकोणतीस दिवस होते. ३७८ म्हणजे चोपन्न आठवडे, म्हणजेच पंचावन्न शुक्रवार. त्यावर रामनवमीचा गुरुवार. पंचावन्न आणि एक, छप्पन्न. गीतरामायणाच्या समाप्तीची नोंदलेली तारीखही १९ एप्रिल १९५६ हीच आहे. हिशेब तंतोतंत बसतो. पहिल्यांदा तो असा बसलेला पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता. आज तो तुमच्यापुढे मांडताना तसाच होतो आहे.

अधिक महिना म्हटलं की आपल्याकडे जावयाचं वाण आणि ताटातले अनारसे आधी आठवतात. त्यामागचं गणित मात्र स्वच्छ आहे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस आणि वर काही तास. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं आणि वर काही तास. दरवर्षी सुमारे अकरा दिवसांची तूट पडते. ती साठत राहिली तर दिवाळी पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जादा धरायचा. कोणता, तर ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही, तो अधिक. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सूर्य सिंह राशीत गेला तो अमावास्या संपण्याआधी, आणि कन्येत गेला तो पुढची अमावास्या उलटल्यावर. मधला महिना संक्रांतीवाचून राहिला. त्या महिन्याने कवीकडून आणि संगीतकाराकडून जादा चार गाणी लिहून-बांधून घेतली.

सातपाटी, मुरबे, दांडी या आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. होडी ज्यांना भरती-ओहोटीवर काढायची आणि लावायची असते, त्यांना तारखेपेक्षा तिथीच उपयोगाची. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येतं, अष्टमी-नवमीला भांग असते. भरती चढते कमी, ओहोटीही फार उतरत नाही. रामनवमीला समुद्र भांगेवर असतो आणि सहा दिवसांनी चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, उधाणावर. एप्रिलची पहिली तारीख समुद्राला ठाऊक नसते. डहाणूच्या महालक्ष्मीची जत्राही त्याच चैत्री पौर्णिमेला सुरू होते. कॅलेंडरवर ती कधी मार्चअखेरीला, कधी एप्रिलमध्ये दिसते, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

इथे या लेखमालेपुढेच एक पेच उभा राहतो. आपण गाण्यांचे वाढदिवस तारखेने साजरे करतो आहोत. बहुतेक गाण्यांना ते शोभतं. 'बिनाका गीतमाला' ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर सुरू झाली. तिला वार होता, बुधवार, आणि वेळ होती रात्री आठची. पंचांगाशी तिचा काही संबंध नव्हता. गीतरामायणाचं तसं नाही. त्याचा वाढदिवस १ एप्रिल म्हणायचा की चैत्र शुद्ध नवमी? ज्यांनी ते घडवलं त्यांनी उत्तर देऊन ठेवलं आहे. तारीख धरली असती तर शेवटचं गाणं १९५६ च्या मार्चअखेरीला लागलं असतं, पूर्ण त्रेपन्न शुक्रवार झाल्यावर. त्यांनी तिथी धरली, आणि तिच्यासाठी रेडिओचा शुक्रवारही सोडला. पंचावन्न आठवडे पाळलेला वार शेवटच्या गाण्यासाठी मोडला, कारण नवमी गुरुवारी होती.

सरकारी रेडिओच्या वेळापत्रकात ही सवलत लहान नव्हे. तिथे पाव तासाचा हिशेब ठरलेला असतो. पुणे केंद्र तर तेव्हा नवंच होतं, २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं. चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून दूर ठेवणारे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर दिल्लीत बसलेले होते आणि केंद्रांना स्वतःचं सुगम संगीत उभं करणं भाग होतं. अशा वातावरणात लाडांसारख्या अधिकाऱ्याने एका कवीला आणि एका संगीतकाराला वर्षभराचा पाव तास दिला आणि पुढे आणखी महिनाभर वाढवून दिला. गदिमा आणि सुधीर फडके, दोघेही १९१९ चे, तेव्हा पस्तिशीत होते. दोघांवरही चित्रपटांच्या कामाचा डोंगर होता. आठवड्याला एक नवं गाणं, नवी चाल, गायकाची तालीम, वादकांची जुळणी. हे चार वेळा जादा करणं म्हणजे काय, हे ज्यांनी कधी एखादं गाणं बसवलं आहे त्यांनाच कळेल.

पण रामनवमीवरच येऊन थांबायचा हा आग्रह कशासाठी? मला वाटतं, त्याचं कारण गीतरामायणाच्या बांधणीत आहे. पहिल्या गाण्यात रामाच्या समोर कुश-लव गाताहेत. म्हणजे कथा सुरू होते तेव्हा राम राजा झालेला आहे, सीता वनात आहे आणि मुलं बापाला त्याचीच गोष्ट ऐकवताहेत. शेवटच्या, छप्पन्नाव्या गाण्यात वाल्मीकी त्या दोघांना सांगतात, जा, रामासमोर हे गा. क्रमाने पाहिलं तर शेवटचं गाणं पहिल्याच्या आधी घडतं. ते संपलं की पुन्हा पहिलं सुरू व्हायला हवं. पहिलं भूपात, शेवटचं भैरवीत, आणि दोन्ही रामनवमीला. ही रचना एका वर्तुळाची आहे. चैत्री नवमीपासून निघालेलं वर्तुळ चैत्री नवमीलाच मिळायला हवं होतं. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी ते सोडून दिलं असतं, तर गाणी त्रेपन्न झाली असती आणि वर्तुळ उघडं राहिलं असतं. म्हणूनच छप्पन्न या आकड्याला मी केवळ योगायोग मानत नाही. अधिक महिना योगायोगाने आला खरा, पण तो आल्यावर कुठे थांबायचं हे माणसांनी ठरवलं.

तारीख आणि तिथी कधी एकत्र भेटतात का, हेही बोईसरच्या वाचकांसाठी सांगतो. चंद्र आणि सूर्य यांचा हिशेब एकोणीस वर्षांनी जवळजवळ जुळतो. त्या अवधीत सात अधिक महिने येतात आणि तिथ्या पुन्हा त्याच तारखांच्या आसपास येतात. १९५५ मध्ये एकोणीसच्या तीन फेऱ्या, म्हणजे सत्तावन्न वर्षं मिळवा : २०१२. त्या वर्षी रामनवमी १ एप्रिललाच होती. भाद्रपद त्या वर्षीही अधिक होता, म्हणूनच गणपती पार १९ सप्टेंबरला आले, हे अनेकांना आठवत असेल. पुढच्या वर्षीची रामनवमी १९ एप्रिल २०१३ ला. गीतरामायणाच्या दोन्ही टोकांच्या तारखा जशाच्या तशा परत आल्या होत्या. घरात जुनं कॅलेंडर जपून ठेवलेलं असेल तर काढून बघा.

रेडिओचं आणि १ एप्रिलचं नातं गीतरामायणापुरतं नाही, हेही जाता जाता नोंदवायला हवं. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला एका खासगी कंपनीने सुरू केलं होतं. ती कंपनी बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने प्रसारण हाती घेतलं. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. सरकारी वर्षाची सुरुवात एप्रिलात होते, तेव्हा यात नवल नाही. पण त्या हिशेबी तारखेवर एकदा नवमी येऊन बसली आणि तीच आपल्या लक्षात राहिली.

आणखी एक तारीख वहीत लिहून ठेवा : ३ ऑक्टोबर १९५७. त्या दिवशी विजयादशमी होती. त्या दिवशी गीतरामायण पुस्तकरूपाने आलं आणि त्याच दिवशी विविध भारती सुरू झाली. केसकरांनी बाहेर ठेवलेली चित्रपटगीतं ज्या दिवशी आकाशवाणीच्या घरात मानाने परतली, त्याच दिवशी रेडिओवरचं हे काव्य छापील होऊन लोकांच्या हातात पडलं. त्या तारखेला आपण ऑक्टोबरात पूर्ण भाग देऊ.

गीतरामायणातल्या गायक-गायिकांबद्दलही दोन पत्रं आली आहेत. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशी नावं आहेत, घाईत उरकण्यासारखी नाहीत, म्हणून तीही राखून ठेवतो. पुढच्या आठवड्यात जॉप्लिन आणि मार्विन गे, नक्की.