मधमाशी बसेल ते रोप

रोपं घ्यायला नर्सरीत मी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जाते. संध्याकाळी गेलं की रातराणीचा दरवळ दुसरं काही सुचू देत नाही आणि तीच उचलून घरी आणली जाते. रातराणी, मधुमालती, पारिजातक यांचा कारभार रात्रीचा. त्यांचा वास पतंगांना बोलावण्यासाठी असतो. देवचाफा तर पतंगांनाही फसवतो. सुगंध भरपूर, पण मकरंदाचा थेंब नाही. डबल मोगऱ्यात पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच झालेल्या असतात, मग पराग कुठून मिळणार? गजऱ्यासाठी एक कुंडी असावीच म्हणा, पण ती आपली हौस.

सकाळी मात्र मधमाश्याच निवड करून देतात. गुलाबांच्या रांगेवर सामसूम आणि कोपऱ्यात पडलेल्या सब्जावर, तुळशीवर गुणगुण. तुळशीची मंजिरी खालून वर उमलत जाते. फुलोरी माशी इवलीशी, ती एकेका फुलाच्या ओठाला लोंबकळून मकरंद पिते आणि वरच्या फुलाकडे सरकते. सातेरी थोडी मोठी, तिच्या वजनाने मंजिरीचा शेंडा झुकतो. या दोन्ही झाडांचा वास पानांत असतो, त्यामुळे फुलं नसतानाही जाता-येता पदर घासला तरी दरवळ येतो. मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर तुळस बी धरून लवकर वाळते, म्हणून आपण त्या दिसताक्षणी काढतो. माझा सल्ला असा: फुलं झडून मंजिरी तपकिरी व्हायला लागली की मगच खुडावी.

जमीन किंवा मोठी कुंडी असेल तर कुंती लावावी. कढीपत्त्याची ही जवळची नातेवाईक. ताण बसल्यावर पाऊस पडला की सगळं झुडूप एकदम पांढरं होतं, लिंबाच्या फुलासारखा वास सुटतो आणि चार दिवसांत सडा पडून बहर संपतो. छाटणी कितीही सोसते, लाड मागत नाही. कढीपत्ताही फुलतो, पण फोडणीसाठी रोज ओरबाडला तर कसा फुलणार? त्याचा शेंडा तेवढा सोडून द्यावा.

मधमाशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. म्हणून चार जातींची एकेक कुंडी मांडण्यापेक्षा सब्जाच्या चार कुंड्या एकत्र ठेवलेल्या बऱ्या. घेताना नर्सरीवाल्याला फवारणी कधी, कशाची केली तेही विचारावं. घरी कडुनिंबाचं तेल मारायचंच झालं तर दिवस मावळल्यावर, उमललेल्या फुलांना वगळून.

कुंती दाट झाली की कधी आतल्या फांदीवर फुलोरीचं पोळं लागतं, तळहाताएवढं, उघडंच. घाबरून सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं कारण नाही. छेडल्याशिवाय ती सहसा अंगावर येत नाही. पाइपचा जोर त्या फांदीवर पडू देऊ नये आणि छाटणी पुढे ढकलावी.