नव्या घराचा वास

कल्याणच्या पुढे गाडी निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं लागतात आणि दोन्ही बाजूंना नव्या इमारती दिसू लागतात. मुंबईत भाड्याने राहणारी कितीतरी कुटुंबं इथे स्वतःच्या घरात आली. घराचा ताबा मिळतो, सुतार येतो, मागोमाग रंगारी येतो आणि वास्तुशांत झाली की त्याच रात्रीपासून राहायला सुरुवात होते. जुन्या जागेचं भाडं आणि नव्या जागेचा हप्ता एकदम भरणं कुणाला परवडणार? पाहुणे दारातच म्हणतात, "वा! नव्या घराचा वास येतोय." आपल्यालाही बरं वाटतं. पण त्याच वासाने लहान मुलाचे डोळे चुरचुरत असतील, आजोबांना खोकल्याची उबळ येत असेल, तर हा वास म्हणजे नेमकं काय ते समजून घेतलं पाहिजे.

वास येतो याचा अर्थ, त्या वस्तूतलं काहीतरी सुटून हवेत मिसळतं आहे. नव्या घरात असे वास मुख्यतः दोन जातींचे असतात. पहिला तैलरंग, थिनर, पॉलिश आणि सनमायका चिकटवायच्या रबरी गोंदाचा. तो नाकात झणकन जातो, पण निघूनही लवकर जातो. हवा खेळती असेल, तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत तो ओसरतो.

दुसरा वास सावकाश येणारा आणि चिवट. प्लायवूडचे पापुद्रे किंवा बोर्डातला लाकडाचा भुसा एकमेकांना धरून ठेवायला गोंद लागतो. स्वस्त मालात हा गोंद बहुधा युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून केलेला असतो. उष्णता आणि दमटपणा लागला की तो अगदी हळूहळू विघटित होतो आणि फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडत राहतो. हे महिनोन् महिने, कधी काही वर्षंही चालतं. म्हणूनच हिवाळ्यात गेलेला वास एप्रिल-मे महिन्यांत किंवा पावसाळ्यात परत आल्यासारखा वाटतो.

हा वायू किती त्रास देऊ शकतो, हे अमेरिकेत एकदा मोठ्या प्रमाणावर दिसलं. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा किनारा उद्ध्वस्त केला. बेघर झालेल्यांसाठी सरकारने लाखाहून अधिक फिरती घरं घेतली. त्यांतली बरीचशी गाडीमागे जोडून सहलीला न्यायची, तिकडे कॅम्पर म्हणतात तशी. आतून सगळी बोर्डाची, जागा चिमुकली. थोड्याच दिवसांत लोक डोळे जळजळणं, डोकेदुखी, श्वासाचा त्रास अशा तक्रारी करू लागले. पुढे सरकारी आरोग्य खात्याने अशा ५१९ घरांतली हवा तपासली. फेब्रुवारी २००८ मध्ये निकाल जाहीर झाला. एक अब्ज भाग हवेत फॉर्माल्डिहाइडचे सरासरी ७७ भाग निघाले. सर्वांत वाईट घरात ५९० होते. ही मोजणी थंडीत झालेली होती. उन्हाळ्यात आकडे वाढणार, म्हणून त्याआधीच लोकांना तिथून हलवा, असा सल्ला त्या खात्याने दिला. अशा बोर्डांतून किती वायू सुटावा यावर मर्यादा घालणारा कायदा अमेरिकेने २०१० मध्ये केला.

तुम्ही म्हणाल, आपलं घर काही चाकांवरचं नाही. खरं आहे. पण हिशेब करून बघा. दहा बाय दहाची खोली म्हणजे शंभर चौरस फूट जमीन. तिच्यात सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल असं कपाट केलं, तर पाठ, दारं, फळ्या आणि त्यांच्या दोन्ही बाजू मिळून तीनशे चौरस फुटांहून अधिक बोर्ड होतो. त्यात दिवाण, माळ्याची दारं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या वेगळ्याच. जागा लहान, बोर्ड जास्त आणि खिडक्या बंद, ही गोष्ट तिकडे होती तशीच इथेही आहे.

मग उपाय काय? आधी काय उपयोगाचं नाही ते सांगतो. उदबत्ती, धूप, कापूर, सुगंधी फवारा यांनी वास झाकला जातो, वायू तिथेच राहतो. उलट धुराची भर पडते. थिनरचा वास ताजा असताना ज्योत पेटवणं तर धोक्याचंच. कुंडीतली झाडं हवा शुद्ध करतात, हा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून पसरला. तो प्रयोग बंद पेटीत केला होता. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसलं की साध्या उघड्या खिडकीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा, कदाचित शेकडो झाडं लागतील. झाडं जरूर लावा, पण शोभेसाठी. भिंतीवरचा एसीही खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही.

वास झाकायचा नाही, बाहेर काढायचा. समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एका खिडकीत टेबलफॅन बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा, म्हणजे आतली हवा ओढली जाईल. कपाटं, खण, दिवाणाचा पेटारा सताड उघडे ठेवा. गादीवरचं प्लॅस्टिक काढा. घर रिकामं असेल, तर दुपारच्या उन्हात बंद ठेवून तापू द्या आणि संध्याकाळी सगळं उघडून पंखे लावा. रंग आणि गोंदाचा वास यामुळे लवकर निघतो. बोर्डाच्या वासावर याचा परिणाम मर्यादित. त्यासाठी कपाटाच्या आतल्या उघड्या बाजू आणि कापलेल्या कडा सनमायका व पट्टीने बंद करून घ्या. राहायला जाण्याआधी पंधरा दिवस जरी असे मिळाले, तरी पुष्कळ फरक पडतो. तेवढेही मिळत नसतील, तर आधी पलंग आणि स्वयंपाकघर करा, मोठं कपाट पुढच्या वर्षावर टाका आणि तान्ह्या बाळाला सर्वांत कमी फर्निचरच्या खोलीत झोपवा.

आपल्या भागात मात्र एक अडचण आहे. खिडकी उघडायची खरी, पण बाहेरची हवा कशी? अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांचा उग्र दर्प इथल्या लोकांना नवा नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत रसायन सोडलं गेलं, तेव्हा उल्हासनगरात शेकडो माणसांना त्रास झाला. बाहेर असा दर्प असेल तेव्हा खिडक्या बंदच हव्यात आणि तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायला हवी. पण रात्रीच्या भीतीने दिवसभर घर कोंडून ठेवू नका. बाहेर स्वच्छ वाटेल त्या वेळी घर पूर्ण उघडा.

खरेदीच्या वेळी थोडी चौकशी केली, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलात, तर कपाटाचा खण उघडून नाक आत घाला. डोळ्यांत पाणी आलं, तर ते कपाट घेऊ नका. दुकानात काही महिने उघडं उभं असलेलं कपाट कोऱ्या मालापेक्षा बरं. प्लायवूडवर आयएस ३०३ चा शिक्का असतो. त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे प्रकार आहेत. दुसऱ्यात सहसा फिनॉलचा गोंद असतो आणि त्यातून वायू बराच कमी सुटतो. बोर्ड घेताना ई-१ किंवा ई-० प्रतीचा मागा. आणि साधं लोखंडी कपाट आजही वाईट नाही.

नाकावर मात्र फार विसंबू नका. सततचा वास नाक लवकरच विसरतं. चार दिवसांनी आपल्याला काही जाणवत नाही, बाहेरून आलेल्याला जाणवतं. त्यालाच विचारा. घरात डोळे, घसा जळजळतो आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं, असं होत असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. दमेकरी, गरोदर बाई आणि लहान मुलं यांची काळजी अधिक घ्या.

आणि एक माणूस विसरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. त्यामागे मुख्य पुरावा होता तो कामाच्या जागी वर्षानुवर्षं हा वायू हुंगणाऱ्या कामगारांचा. आपल्या घरी सुतार दिवसभर बोर्ड कापतो, पॉलिशवाला धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतो. आपल्या घरातला वास कधीतरी जाईल. तो उद्या दुसऱ्या नव्या घरात जाणार आहे. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवायला सांगा. पॉलिशवर चार कण बसले तरी चालतील.