शिकायला आलेल्या परदेशी स्त्रिया

मिरजेला परदेशी माणसाचं अप्रूप नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून गोरे डॉक्टर, परिचारिका या गावाने पाहिल्या. पण ती सगळी काही तरी द्यायला आलेली माणसं. शिष्य होऊन आलेल्यांची गोष्ट शोधायची, तर मिरज जंक्शनवर हुबळीची गाडी धरायची आणि पुढे मुंडगोड गाठायचं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या या तिबेटी वसाहतीत १९८७ पासून जांगचुब चोलिंग हा भिक्षुणींचा मठ आहे. परदेशी पाहुण्याला तिथे राहायचं, तर आजही सरकारचा खास परवाना लागतो.

या गोष्टीची सुरुवात मात्र उत्तरेतली. इंग्लंडातल्या डर्बीत जन्मलेल्या फ्रेडा बेदी लग्नानंतर भारतात आल्या आणि सत्याग्रहात तुरुंगातही गेल्या. १९५९ मध्ये तिबेटमधून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा त्या आसामातल्या मिसामारी छावणीत कामाला लागल्या. पुढे कांगड्यातल्या तिलोकपूरला त्यांनी भिक्षुणींसाठी मठ उभा केला. १९६६ मध्ये त्या श्रामणेरी, म्हणजे प्राथमिक दीक्षा घेतलेल्या भिक्षुणी, झाल्या. उपसंपदेसाठी, म्हणजे भिक्षुणीच्या पूर्ण दीक्षेसाठी मात्र १९७२ मध्ये त्यांना हाँगकाँग गाठावं लागलं, कारण तिबेटी परंपरेत स्त्रियांना ती दिलीच जात नव्हती.

बेदींनी डलहौसीला काढलेल्या शाळेत १९६४ मध्ये लंडनची एक तरुणी इंग्रजी शिकवायला आली. तीच पुढची टेन्झिन पाल्मो. दीक्षा मिळाली, पण भिक्षूंच्या मठात ती एकटीच स्त्री. राहणं वेगळं, जेवण वेगळं, आणि ज्यासाठी इतक्या लांब आली ते शिक्षणही तिच्या वाट्याला येईना. १९७६ ते १९८८ ती लाहौलच्या गुहेत राहिली, ते जगभर गाजलं.

तिचं दुखणं तिबेटी भिक्षुणींना नवं नव्हतं. पहाटेची पूजा, पाठांतर, लोणी-मिठाचा चहा, स्वयंपाकाची पाळी, शेतातलं काम यांतच त्यांचा दिवस सरे. तर्क, दर्शन आणि वाद ही भिक्षूंची मिरासदारी. निर्वासनात नवे मठ उभे राहिले, तसं हे वेळापत्रक बदलू लागलं. संध्याकाळी पटांगणात भिक्षुणी वादाला उतरू लागल्या: एक बसून उत्तर देणार, दुसरी उभी राहून डावा पाय आपटत, टाळी वाजवत प्रश्न टाकणार. १९९५ पासून निरनिराळ्या मठांतल्या भिक्षुणी दरवर्षी एकत्र येऊन वाद करू लागल्या.

२०११ मध्ये केलसांग वांगमो या जर्मन भिक्षुणीला धरमशालेत गेशे ही तिबेटी बौद्ध दर्शनातली सर्वोच्च पदवी मिळाली. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. म्हणजे पहिला नंबर परदेशी बाईचा लागला. ज्यांच्या घरची ही विद्या, त्यांना आणखी पाच वर्षं थांबावं लागलं. सतराएक वर्षांचा अभ्यास आणि वर चार वर्षांच्या परीक्षा देऊन २० भिक्षुणींनी गेशेमा, म्हणजे स्त्रियांची गेशे पदवी घेतली, ती २२ डिसेंबर २०१६ रोजी, मुंडगोडलाच, दलाई लामांच्या हातून.

परदेशी स्त्रियांच्या कहाण्यांतली गुहा आणि बर्फ वाचकाच्या लक्षात राहतात. टिकली ती शाळा, वेळापत्रक आणि परीक्षा. टेन्झिन पाल्मोनेही २००० मध्ये कांगड्यात मुलींसाठी मठच काढला. आता दूरदेशीहून दर्शनशास्त्र शिकायला येणाऱ्या बाईला गुरू म्हणून भिक्षुणीही मिळू शकते.