नियम, शुश्रूषा आणि माया : परिचर्या विद्यार्थिनींच्या वॉर्डातील पेचाचा विचार

बीजसंज्ञा : परिचर्या शिक्षण, शुश्रूषा, रुग्णालयीन नियम, विवेकाधिकार, मूल्यमापन

प्रस्तावना

परिचर्या अभ्यासक्रमात समाजशास्त्र हा विषय आहे, ही गोष्ट कला शाखेतील अनेक प्राध्यापकांना ठाऊक नसते. बी. एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात तर पहिल्याच सत्रात 'उपयोजित समाजशास्त्र' शिकवावे लागते. या निमित्ताने प्रस्तुत लेखिकेला काही वर्षे परिचर्या महाविद्यालयात अभ्यागत व्याख्याता म्हणून जाण्याचा योग आला. कुटुंब, जात, भूमिका-संघर्ष या संकल्पना फळ्यावर मांडत असताना विद्यार्थिनींकडून वॉर्डातील जे प्रसंग ऐकावयास मिळाले, त्यांतून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला. (या अभ्यासक्रमास मुलगेही असतात, परंतु मुलींची संख्या अधिक असल्याने येथे 'विद्यार्थिनी' हा शब्द सर्वांसाठी योजला आहे.)

एक प्रसंग आरंभीच नमूद करणे आवश्यक वाटते. एका रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या एका वृद्ध स्त्रीने सकाळी विद्यार्थिनीकडे घोटभर चहा मागितला. केस पेपरवर 'एनबीएम', म्हणजे तोंडाने काहीही देऊ नये, असे स्पष्ट लिहिलेले होते. आजी पुनःपुन्हा विनवीत होत्या. विद्यार्थिनीने शेजारच्या रुग्णाच्या थर्मासमधून अर्धा कप चहा दिला आणि घाबरून ती गोष्ट स्वतःच इन्चार्ज सिस्टरांना सांगितली. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. तिला संपूर्ण वॉर्डासमोर बोलणी बसली. हे सर्व सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, आता मी पेशंटशी कामापुरतंच बोलते." तिच्या त्यानंतरच्या प्रात्यक्षिक नोंदी उत्कृष्ट होत्या, असे तिच्या अध्यापिकेने सांगितले.

या प्रसंगात चूक झाली यात शंका नाही. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहता येथे दोन हानी झाल्या आणि रुग्णालयाने त्यांपैकी एकीचीच नोंद घेतली.

नियमाचे कारण

भूल दिल्यावर श्वसनमार्गाचे रक्षण करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. पोटातील पदार्थ वर येऊन फुप्फुसात गेल्यास रुग्णाच्या प्राणावर बेतू शकते. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलक्या आहारानंतर साधारणतः सहा तास आणि पाण्यासारख्या स्वच्छ द्रवानंतर दोन तास उपाशी राहावे, असे भूलशास्त्राचे प्रचलित संकेत आहेत. दुधाचा चहा पातळ दिसत असला तरी तो स्वच्छ द्रवात मोडत नाही. त्याचा हिशेब आहाराप्रमाणेच करावा लागतो. त्या विद्यार्थिनीला 'एनबीएम' या अक्षरांचा अर्थ पाठ होता. अर्धा कप चहा आणि दोन घोट पाणी यांत फरक का आहे, हे मात्र तिला कोणी उलगडून सांगितले नव्हते. ओल्या गॉजने ओठ पुसणे, तोंडाची स्वच्छता करून देणे, शस्त्रक्रियेची वेळ नेमकी किती वाजताची आहे हे विचारून आजींना सांगणे, आणि वेळ लांबणार असल्यास पाणी देता येईल का असे डॉक्टरांना सिस्टरांमार्फत विचारणे, एवढे मार्ग तिच्यापुढे खुले होते. ते नियमाच्या आतलेच होते. नियमाचे कारण ठाऊक नसल्यामुळे तिला दोनच पर्याय दिसले : आज्ञा पाळणे अथवा मोडणे.

वॉर्डातील सर्व नियम या एकाच जातीचे नसतात. काही नियम रुग्णाच्या शरीराचे रक्षण करतात : उपास, हात धुणे, हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णास दिलेल्या प्रत्येक कपाची नोंद ठेवणे. काही नियम विद्यार्थिनीचे आणि संस्थेचे कायदेशीर रक्षण करतात. निदान रुग्णास डॉक्टरांनीच सांगावे हा त्यांपैकी एक. उरलेले पुष्कळसे नियम केवळ सोयीचे असतात. राउंडपूर्वी चादरीला सुरकुती नसावी, रुग्णाची घरची शाल पलंगावर दिसू नये, या अपेक्षांमागे शिस्त आहे, तशीच थोडी हौसही आहे असे म्हटल्यास अधिसेविकांनी राग मानू नये. हे तिन्ही प्रकार विद्यार्थिनीला एकाच आवाजात सांगितले जातात, हा खरा प्रश्न होय.

मेन्झीस यांचे निरीक्षण

या प्रश्नाचा सर्वांत भेदक अभ्यास इझाबेल मेन्झीस यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला. लंडनमधील एका मोठ्या अध्यापन रुग्णालयात सुमारे ७०० परिचारिका होत्या. त्यांपैकी पूर्ण प्रशिक्षित सुमारे १५०, उर्वरित विद्यार्थिनी. म्हणजे रुग्णालयाचा भार प्रामुख्याने शिकणाऱ्या मुलींवर होता. दुःख, मृत्यू आणि परक्याच्या देहाशी जवळीक यांतून निर्माण होणारी चिंता सुसह्य व्हावी म्हणून संस्था स्वतःभोवती एक कवच निर्माण करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कामाचे तुकडे करून अनेक रुग्णांवर वाटून टाकणे, विद्यार्थिनींना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात वारंवार हलविणे, रुग्णाचा उल्लेख नावाने न करता पलंगाच्या क्रमांकाने वा आजाराने करणे, ही त्या कवचाची अंगे होत. गाढ झोपलेल्या रुग्णाला झोपेची गोळी देण्यासाठी उठविण्याचा त्यांनी नोंदविलेला प्रकार आजही वर्गात सांगितला की विद्यार्थिनी हसतात आणि लगेच एकमेकींकडे पाहतात.

मेन्झीस यांच्या मते हे कवच चिंता कमी करत नाही. रुग्णाशी नाते जुळल्याने मिळणारे समाधान मात्र ते हिरावून घेते. त्यामुळे, त्यांच्या निरीक्षणानुसार, ज्या मुली मनापासून सेवा करू इच्छितात त्याच प्रशिक्षण सोडून जाण्याचा धोका असतो. आपल्याकडे मुली सहसा सोडून जात नाहीत. घरच्यांनी फी भरलेली असते, पुढे नोकरीची आशा असते. त्या राहतात आणि कामापुरते बोलू लागतात.

शुश्रूषा या शब्दाविषयी

'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छादर्शक रूपापासून आला आहे. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्याला नंतर चिकटला. मराठीत आपण 'सेवाशुश्रूषा' असा जोडशब्द करून दुसऱ्या पदाचा अर्थ जवळजवळ विसरलो आहोत.

विद्यार्थिनी ज्यांना 'छोट्या गोष्टी' म्हणतात, त्या तपासल्या असता हा मूळ अर्थच पुढे येतो. एका मुलीने शस्त्रक्रियेस नेताना मंगळसूत्र काढण्याचा प्रसंग सांगितला. धातूचे दागिने काढून नातेवाइकांच्या ताब्यात देणे व त्याची नोंद करून सही घेणे हा नियम आहे, आणि विद्युत उपकरणाने भाजण्याची शक्यता लक्षात घेता तो योग्यही आहे. नेहमीची पद्धत म्हणजे ट्रॉलीवर घेतल्यावर, दारात, घाईने काढून घेणे. या मुलीने अर्धा तास आधी पडदा ओढला, कारण सांगितले आणि बाईंना ते स्वतःच्या हाताने उतरवून लेकीच्या हाती देऊ दिले. बाई रडल्या, पण त्यांनी नकार दिला नाही. नियमाचा एकही शब्द मोडला गेला नाही. लागला तो पाच मिनिटांचा वेळ. तो तिला मिळाला याचे कारण त्या दिवशी वॉर्ड रिकामा होता, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितले.

या संदर्भात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांचे उदाहरण टाळता येणार नाही. याच रुग्णालयात परिचारिका असलेल्या शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांत विद्यार्थिदशेतून आलेल्या कितीतरी जणी असतील. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचिकाकर्त्या लेखिकेऐवजी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना त्यांचे निकटचे हितचिंतक मानले. भरविणे, पुसणे, कूस बदलणे या रोजच्या कृतींना येथे कायद्याच्या दृष्टीने नात्याचा दर्जा मिळाला. त्या निकालातील दयामरणाच्या चर्चेत हा मुद्दा काहीसा झाकला गेला, असे वाटते.

विद्यार्थिनीचे स्थान

अनुभवी परिचारिका नियम लवचिकपणे वापरते आणि तिला कोणी फारसे विचारत नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या ग्रंथात नवशिक्या ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी व्यक्ती संदर्भ नसलेल्या नियमांच्या आधारेच चालू शकते, कारण प्रसंगातील महत्त्वाचे काय हे ओळखण्याइतका अनुभव तिच्यापाशी नसतो. म्हणून 'नियम बाजूला ठेवा, माणुसकी पाहा' हा आपल्या व्याख्यानांतील आवडता उपदेश विद्यार्थिनीला धोक्यात टाकणारा आहे. प्रस्तुत लेखिकेने हा उपदेश पहिल्या दोन वर्षांत अनेकदा केला, हे येथे कबूल केले पाहिजे. चहाचा प्रसंग सांगणारी मुलगी त्याच वर्गात बसलेली होती.

पॅम स्मिथ यांनी १९९२ मध्ये ब्रिटनमधील विद्यार्थिनींच्या भावनिक श्रमांविषयी लिहिताना दाखवून दिले की, वॉर्डाचे भावनिक वातावरण तेथील मुख्य परिचारिका ठरवते; जिची स्वतःची विचारपूस होते, ती विद्यार्थिनी रुग्णाची विचारपूस करू शकते. आपल्या वॉर्डांत याचा प्रत्यय पदोपदी येतो. "सिस्टर, बारा नंबरच्या आजींना पाणी विचारू का?" असा प्रश्न विचारण्याचे धैर्य मुलीला आहे की नाही, हे तिच्या स्वभावापेक्षा मागच्या वेळी मिळालेल्या उत्तरावर अवलंबून असते.

हँडओव्हर आणि गुण

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या पुस्तिकेत किरकोळ व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपण हजर असताना जे घडते ते आपण नसतानाही घडेल अशी व्यवस्था न केल्यास उत्तम शुश्रूषाही वाया जाते, असा त्यांचा आशय आहे. माया ही व्यक्तिगत, क्षणिक गोष्ट मानण्याची आपली सवय या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. एखादीने आजींच्या केसांची वेणी घातली, तर ड्यूटी संपताच ती गोष्ट संपते. तिला आजींच्या डाव्या कानाने ऐकू येते हे कळले आणि तिने ते हँडओव्हरमध्ये सांगितले, तर रात्रपाळीची मुलगी योग्य बाजूला उभी राहून बोलते. चोरून केलेली माया हँडओव्हरमध्ये सांगता येत नाही. तिची हीच मोठी मर्यादा होय. पकडले जाण्याची भीती त्या मानाने गौण आहे.

मूल्यमापनात मात्र यासाठी जागा नाही. प्रात्यक्षिकाच्या गुणपत्रकात साहित्याची मांडणी, कृतीचा क्रम, निर्जंतुकता, नोंद यांना गुण असतात. 'रुग्णास प्रक्रिया समजावली' अशी एक ओळ असते खरी, पण परीक्षेच्या दिवशी ती एका पाठ केलेल्या वाक्यात पार पडते.

परिचर्या विभागातील सहकाऱ्यांशी बोलून आम्ही मागील सत्रात एक लहानसा बदल करून पाहिला. रुग्ण-अभ्यास नोंदवहीत प्रत्येक विद्यार्थिनीने वॉर्डातील एक नियम निवडून त्याचे कारण सिस्टरांना विचारून लिहावे, आणि त्याखाली त्या रुग्णाविषयी पुढील पाळीला सांगण्याजोगी एक गोष्ट नोंदवावी. गुण पाचच. पहिल्या नोंदी पुस्तकातून उतरविलेल्या आल्या. दुसऱ्या महिन्यात एका वहीत आढळले : 'काकांना अंधारात बाथरूमला जायची भीती वाटते, सांगायला लाजतात. दिवा सुरू ठेवणे.' त्याच पानावर सिस्टरांची सही होती आणि दिव्याच्या नोंदीपुढे त्यांनी वॉर्डाच्या रजिस्टरचा पृष्ठक्रमांक घातला होता.